वाढत्या अंगाचं ड्रिल

स्वतःचं ड्रिल मशीन आलं की भूपालअण्णांचं दार वाजवावं लागणार नाही, हा नाथाजी हवालदाराच्या हिशेबातला पहिला नफा. वर्षभर दाराआड तोंड लपवून उभा असलेला त्याचा वर्दीतला, सलाम ठोकतानाचा फोटो एकदाचा भिंतीवर चढेल, हा दुसरा. तिसरा नफा त्यानं बायकोलाही सांगितला नव्हता. दणकट ड्रिल घरात आहे म्हटल्यावर गल्ली ते मागायला येणार, आणि दारात उभं राहून 'हवालदारसाहेब हायत काय?' असं विचारणार. पलटण सोडून तासगावात घर बांधल्यापासून त्याला साहेब म्हणणारं एकच माणूस उरलं होतं, आणि ते फोनवरून कर्ज हवंय का म्हणून विचारत असे.

फोटो खाली राहण्याचा दोष भिंतीचा, आणि भिंतीचा दोष नाथाजीचा. ती भिंत त्याच्या आणि शेजारच्या भूपालअण्णांच्या घरात सामाईक होती. अण्णा बेदाण्याचे व्यापारी. त्यांनी निम्मा खर्च दिला आणि देखरेख फौजीवर सोपवली. नाथाजीनं गवंड्याच्या उरावर उभं राहून अख्खी भिंत काँक्रीटची ओतून घेतली. "उद्या तोफ लागली तरी हलाय नको," असं त्याचं म्हणणं. तासगावावर तोफ काही आली नाही. खिळे मात्र डबाभर वाकले.

मग त्यानं अण्णांचं बॅटरीवरचं छोटं ड्रिल मागून आणलं. ते भिंतीला लागलं, किंचाळलं, आणि देवीच्या व्रणाएवढी खूण करून गप्प झालं. परत देताना अण्णांनी ते नाकाशी नेलं. "फौजी, वास येतोय की ओ. जळलं न्हाई न्हवं?" हेच वाक्य त्यांनी पुढं महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं.

आता रविवारी खटावचे सुभेदार आणि पलटणीतले दोस्त मटणाला येणार होते. सुभेदारांना नाथाजीनं फोनवर कधीच सांगून टाकलं होतं, की फोटो समोरच्या भिंतीवर झळकतोय म्हणून.

"आवं, रविवारपतुर न्हाई टांगला तर माळ्यावर टाकीन," मनुबाईनं बजावलं.

"मला?"

"फोटूला. तुमचं मागनं बघू."

तेव्हा शनिवारी सकाळी नाथाजी सांगलीला हार्डवेअरच्या दुकानात जाऊन उभा राहिला. गल्ल्यावर धवल नावाचा तरणा दुकानदार होता.

"काय लावायचंय काका भिंतीला?"

"फोटू. पर बॅटरीचं दावू नगंस. वायरचं पायजे. बॅटरीचं म्हंजे उसन्या अवसानाचं."

"मग हे न्या की. घरकामाला भरपूर झालं."

उंचीत नापास झालेल्या उमेदवाराकडं बघावं तसं नाथाजीनं त्या मशीनकडं बघितलं. "ह्यानं काय दाढी करायची व्हय रं?"

इथं नाथाजीच्या कुंडलच्या घराण्याची एक रीत सांगायला हवी. त्यांच्यात कुठलीही वस्तू वाढत्या अंगाची घेतात. शाळेतल्या पोराचा सदरा घ्यायचा तर तो लग्नापर्यंत पुरावा. विहिरीला तीन घोड्यांची मोटार बास म्हणून दुकानदार गळा काढतो, तर हे पाच घोड्यांची आणतात, आणि विहीर तासाभरात कोरडी करून बांधावर समाधानानं बसतात. धवल व्यापाऱ्याच्या पोटचा. त्यानं गिऱ्हाईक ओळखलं. छोटं मशीन मुकाट्यानं फळीवर ठेवलं, आणि खाली वाकून दोन्ही हातांनी एक धूड वर काढलं.

"हे एक हाय. पर तुमाला देणार न्हाई मी."

"का?"

"पुलाच्या कामाला नेत्यात हे. घरात कोण वापरत न्हाई."

झालं, विक्री तिथंच पक्की झाली. राहता राहिलं पुढं लावायचं बिट. धवलनं करंगळीएवढं काढून दाखवलं. नाथाजीचं बोट त्याच्या पलीकडं गेलं. "आन ते?"

"ते हातभर लांब हाय काका. जाड बी हाय."

"लांब असल्यानं काय बिघडतंय? दे."

धवलनं ते बांधलं, पैसे घेतले आणि सहज विचारलं, "तासगावात कुठं राहता?" पत्ता ऐकून तो खुलला. "म्हंजे भूपालमामांच्या शेजारी की. सांगतो मामांना."

त्यामुळं नाथाजी एसटीतनं उतरून गल्लीत शिरला तेव्हा अण्णा कट्ट्यावर तयार होते. "आणलं व्हय फौजी, पुलाचं मशीन?"

नाथाजी तडक घरात गेला. खोकं उघडलं. मशीनच्या पिना पाहून त्याची छाती फुगली, आणि भिंतीतला प्लग पाहून उतरली. एवढ्या जाड पिना घरात एकाच ठिकाणी बसत होत्या, न्हाणीघरात, गिझरच्या प्लगमध्ये. तिथं लावलं तर मशीनची वायर न्हाणीच्या उंबऱ्यापर्यंतच पोचत होती.

"मिक्सरची जोडवायर लावू?" त्यानं विचारलं.

"लावा की," मनुबाई रविवारसाठी लसूण सोलत म्हणाली. "आदी मिक्सर जळंल, मग तुमी."

जाड जोडवायर अख्ख्या गल्लीत एकाकडंच होती. बेदाण्याच्या शेडवर पंखे लावायला ती ठेवलेली. कुणाकडं, हे नाथाजीला कुणी सांगायला नको होतं. सोप्यात त्यानं बऱ्याच येरझाऱ्या घातल्या, फोटोकडं एकदा बघितलं, आणि ज्या दाराशी पुन्हा जायचं नाही म्हणून एवढा खर्च केला, तेच दार जाऊन वाजवलं.

"न्या की ओ, वायर काय तुमचीच हाय," अण्णा म्हणाले. "पर तुमास्नी गुंडाळाय जमायची न्हाई. मी बी येतो."

वायरीच्या पाठोपाठ अण्णा आले आणि भिंतीसमोर खुर्ची ओढून बसले. नाथाजीनं पाय फाकले, दम धरला आणि खटका दाबला.

मांडणीतली भांडी एका सुरात वाजू लागली. खिडकीची काच थरथरली. मशीन नाथाजीला हलवतंय का नाथाजी मशीनला, हे सांगणं अवघड होतं. पांढरी धूळ उडाली, तीत पहिल्यांदा त्याच्या मिशा गेल्या, मग भुवया. अण्णांच्या खिशातला फोन वाजत-थरथरत होता, पण छातीतली धडधड मशीनमुळंच असेल म्हणून ते तसेच बसून राहिले. आणि एकदम मशीन पुढं सरकलं. नाथाजीचं नाक भिंतीला टेकलं.

त्यानं मशीन बंद केलं. "हरली," तो म्हणाला. "शेवटाला हरलीच भिंत."

शांततेत फोन ऐकू आला. अण्णांनी तो उचलला, आणि त्रिशलावहिनींचा आवाज फोनमधनं आणि भोकातनं, दोन्हीकडनं आला. "आवं, कुठं हाईसा? भिंतीतनं सळई आलीया आत. चुलीच्या वर. आमटीत माती, भातात माती. ताटं वाढाय घेतली हुती की मी."

अण्णांनी भिंतीकडं बघितलंच नाही. त्यांनी खिडकीतनं बाहेर बघितलं. सूर्य लिंबाच्या शेंड्यावर टेकला होता. अण्णांचं घर जैन. तिथं दिवस मावळायच्या आत जेवतात, आणि मावळला की सकाळपर्यंत तोंडात काही घालत नाहीत. दुसरा स्वयंपाक करायला वेळ नव्हता. मनुबाईनं आपल्या मांडीवरच्या लसणाच्या ढिगाकडं बघितलं. तो तर या कामी मुळीच उपयोगाचा नव्हता.

"आवं, बघताय काय?" ती नवऱ्यावर कडाडली. "केळी आणा. दूध आणा. पळा."

पाठीवर पिट्टू बांधून डोंगर चढलेला हवालदार तासगावच्या बाजारात पांढऱ्या भुवयांनी पळाला. राहीबाई केळीवालीनं त्याला आधी ओळखलं नाही, आणि ओळखल्यावर भाव कमी केला नाही. परत आला तेव्हा शेजारी-शेजारीण त्याच्याच कट्ट्यावर पश्चिमेकडं तोंड करून बसले होते. एक डोळा केळ्यावर, एक सूर्यावर.

"वैनी, केळी ग्वाड हायत," त्रिशलावहिनी शेवटचा घास गिळून म्हणाल्या. "पर ते भोक, बुजवा म्हणावं भावजींना."

बुजवणं दूरच राहिलं. खिळा त्या भोकात ठेवला की पलीकडं पडत होता. नाथाजीनं डोळा लावला तर त्रिशलावहिनींची हळदीची बरणी स्पष्ट दिसली. उद्या सुभेदार येणार, आणि भिंतीवर फोटोऐवजी शेजारणीचा स्वयंपाक दिसणार, या विचारानं तो भोकावर तळहात दाबून उभा राहिला.

अण्णांनाच दया आली. ते शेडवर गेले आणि एक लांब बोल्ट घेऊन आले. आरपार घातला, दोन्हीकडं चकत्या बसवल्या, आणि दोन्हीकडं एकेक आकडा अडकवला. "भिंत सामाईक, बोल्ट बी सामाईक. तुमी हिकडं फोटू टांगा." नाथाजी इतका हरखला, की पलीकडचा आकडा कशाला, हे विचारायचं राहूनच गेलं.

रविवारी दोस्त आले. फोटो पाहून सुभेदार दोनदा "वा" म्हणाले आणि रश्श्याकडं वळले. पलीकडं त्रिशलावहिनी मटणाच्या वासापायी खिडक्या लावून बसल्या होत्या. दुपारी त्या उठल्या, गिरणीतनं आलेली पिठाची पिशवी त्यांनी नव्या आकड्याला अडकवली. भोक मोठं, बोल्ट बारीक. तिकडं तो खाली गेला, इकडं वर उचलला, आणि वर्दीतला नाथाजी हळूच पुढं झुकला.

सुभेदारांचा घास हातात राहिला. "नाथाजी, तुझा फोटू वाकतोय कुणाला?"

"तुमास्नीच की साहेब."

वहिनींनी भाकरीला पीठ काढायला पिशवी उतरवली. फोटो ताठ झाला. परत अडकवली, परत वाकला. सुभेदार रश्श्याच्या हातानं उठून उभे राहिले आणि त्यांनी फोटोला कडक सलाम परत केला. खरा नाथाजी शेजारी वाडगं धरून उभा होता. त्याच्याकडं कुणी बघितलं नाही.

गल्ली आता ड्रिल मागायला येते, नाही असं नाही. पण जाड वायरीशिवाय ते चालत नाही, म्हणून लोक आधी अण्णांकडं जातात. अण्णा वायर देतात, बरोबर चहाही देतात, आणि म्हणतात, "मशीन शेजारी हाय, माझं नाव सांगा." मग माणूस नाथाजीच्या दारात येऊन सांगतो, "काका, अण्णांनी मशीन मागितलंय."

तर जमाखर्च असा. धवलला एक मोठं गिऱ्हाईक मिळालं. अण्णांची एक आमटी गेली, त्या बदल्यात गल्लीभर वापरायला पुलाचं मशीन आलं. त्रिशलावहिनींना आकडा मिळाला. मशीनचे पैसे नाथाजीनं दिले, पण ते एकदाच. सलाम मात्र त्याचा फोटो रोज दोन्ही वेळेला भरतोय, शेजारच्या पिठाच्या पिशवीला.