पंच्याची खळ

"अहो, पंचा काढून ठेवा. परवा बाळाचं नाव ठेवायचंय, बाबा येतायत," बायको म्हणाली. नकाशे काढण्याची नोकरी करणाऱ्या तिच्या नीटनेटक्या नवऱ्याने कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यातून एक पुडकं उतरवलं. पिशवीत पिशवी, तिच्यात वर्तमानपत्र, त्यात डांबराच्या गोळ्या आणि गाभ्यात पंचा. सासरे विणकर. स्वतःच्या मागावरचा हा पंचा त्यांनी लग्नात जावयाच्या खांद्यावर टाकला, तेव्हा जावयाला गहिवरून आलं होतं. इतकं, की त्यानंतर त्याने पंच्याला हात म्हणून लावला नव्हता.

बायकोने पुठ्ठा उघडावा तशी घडी उघडली. भिंतीला टेकवला असता तर पंचा उभा राहिला असता.

"खळसुद्धा गेली नाही हो याची. वापरलाच नाहीत?"

"एवढी सुंदर वस्तू. वापरायची कशी?"

"अंग पुसायला. आमच्याकडे लग्नातला पंचा नवरा रोज वापरून मऊ करतो आणि पहिलं बाळ बारशाला त्यातच गुंडाळतात. बाबा आधी हात फिरवून बघतात. ताईच्या नवऱ्याचा खरखरीत निघाला, तर बाबा अजून त्यांच्याशी फक्त हवापाण्याबद्दल बोलतात."

लग्नापासूनच्या चार वर्षांची झीज जावयाला परवापर्यंत उरकायची होती.

त्याने लगेच आंघोळ करून पंच्याने अंग पुसलं. पाणी तसंच राहिलं, कातडी तेवढी निघाली. ऑफिसात त्याने त्यात डबा बांधला, नकाशांची भेंडोळी बांधली, शेवटी साहेबांच्या खोलीतला पंखा पुसायला घेतला.

"बढती हवीय का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. मऊपणा हवाय."



संध्याकाळी घरी आला, तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं जुनं सामान उतरवणं चाललं होतं; कपाट अजून वरच होतं आणि फ्रीज जिन्यात अडकला होता. दोर तुटला होता. त्याने न मागता पंचा पुढे केला. मधल्या वळणावर हमालाचा पाय घसरला आणि सगळा भार कठड्यावर आणि पंच्यावर आला. काकूंनी डोळे मिटले. "गेला फ्रीज."

गेला तो कठडा. फ्रीज पंच्यात झुलत राहिला, झोळीतल्या मुलासारखा. सुताचा एक धागा तुटला नाही.

मग काय, बिल्डिंगने पंचा ताब्यातच घेतला. काकूंनी त्यातून द्राक्षांचा रस गाळला. खालच्या मजल्यावरच्या वकिलांनी मुरगळलेला पाय बांधून घेतला. कुणीतरी चिखलात रुतलेल्या गाडीच्या चाकाखाली घातला. दुसऱ्या दिवशी त्याच्या हाती आली ती जांभळी, चिखलाने बरबटलेली चिंधी. त्याने जीव मुठीत धरून ती दगडावर आपटून आपटून धुतली, दोरीवर टाकली आणि देवाचं नाव घेतलं.

वाळल्यावर बघतो तर डाग नाही. काठ पहिल्याइतकाच लाल. हातात घेतला तर हातात काही आहे असं वाटेना. त्याने तो उन्हात धरला. पलीकडची गल्ली त्यातून दिसली आणि नेहमीपेक्षा बरी दिसली. ही वस्तू आपण गोळ्या घालून कोंडली होती, या विचाराने तो ओशाळला.

सासरे आले. आल्या आल्या पंचा गालाला लावून उभे राहिले. बराच वेळ. मग त्यांनी रडतं बाळ त्यात गुंडाळलं. बाळ एकदा मुसमुसलं आणि झोपलं. नाव झोपेतच ठेवावं लागलं.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "मी आपला माझा जुना पंचा घेऊन आलो होतो, थोरल्या जावयाच्या वेळेसारखी पंचाईत नको म्हणून. पण हा तर त्याहून मऊ. चार वर्षांत एक दिवस खाडा केला नसेल तुम्ही."

बायकोला खोकल्याची उबळ आली. जावई पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

सासऱ्यांनी पिशवीतून कोराकरकरीत पंचा काढला आणि त्याच्या खांद्यावर टाकला. तो फळीसारखा आडवा राहिला. "हा दुसऱ्या बाळासाठी. घाई नाही."

"द्या इकडे, कपाटात ठेवते," बायको म्हणाली.

तो दारापर्यंत पोचला होता.

"आता कुठे निघालात?"

"वर. काकूंचं कपाट कधी उतरवायचंय, विचारून येतो."