केसकर काकांचं बुलेटिन

केसकर काका दारावरची बेल वाजवत नाहीत. ते बाहेर उभे राहून घोषणा करतात.

"कृपया इकडे लक्ष द्यावे! चौथ्या मजल्यावरच्या कुलकर्णी मॅडमना विनंती आहे, त्यांनी आपलं कुरिअर त्वरित ताब्यात घ्यावं. धन्यवाद!"

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या हातातला चहा गाऊनवर सांडला. बँकेने बदली करून आम्हा मायलेकींना लखनौला पाठवलं त्याला दोनच दिवस झाले होते. अलीगंजमधल्या त्या फ्लॅटमध्ये खोकी अजून उघडायची होती, आणि जिन्यात विमानतळ बोलत होता. दार उघडलं तर समोर शेजारच्या फ्लॅटमधले, धुवट सदऱ्यातले, कानाची पाळी चिमटीत धरलेले एक सडपातळ गृहस्थ. कान धरल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही.

काका इथल्या अमौसी विमानतळावर तीस वर्षं घोषणा करत होते. निवृत्त झाले आणि फ्रीलान्सर झाले. हा शब्द ते 'ब्रिगेडियर' म्हणावा तसा म्हणतात. फोनवरचं 'लाइन पर बने रहिए', शाळांच्या गॅदरिंगचं सूत्रसंचालन, दुकानांच्या जाहिराती, सगळ्याला त्यांचा आवाज. निशातगंजच्या एका इमारतीची लिफ्ट त्यांच्या आवाजात 'दरवाज़ा बंद हो रहा है' म्हणते. काका महिन्यातून एकदा तिथे जातात, पाचव्या मजल्यापर्यंत वर जातात, खाली येतात आणि घरी येतात. मला वाटलं चेष्टा करतायत. एकदा मलाही घेऊन गेले.

पण हल्ली आवाज यंत्रच देतं. काकांची कामं आटत चालली. अशात त्यांना मोबाइलवर एक जाहिरात दिसली: तुम्ही आठवडाभर सोशल मीडियावर जे काही करता ते आम्ही आपोआप गोळा करू, त्याचा सुबक डायजेस्ट बनवू आणि दर सोमवारी सकाळी सात वाजता तुमच्या ओळखीच्या प्रत्येकाला पाठवू. तुम्ही झोपा, काम चालत येईल.

"माझं बुलेटिन!" काका म्हणाले. माझ्याच सोफ्यावर बसून त्यांनी ते सुरू केलं. ॲप विचारत होतं, तुमच्या पोस्ट वाचू का? प्रतिक्रिया वाचू का? फोनमधल्या आणि टॅबमधल्या ध्वनिफिती जोडू का? प्रत्येक प्रश्नावर काका कान धरून "परवानगी आहे!" म्हणत आणि बोट टेकवत.

"काका, वाचा तरी," मी म्हटलं.

"अहो मॅडम, विमान उडताना प्रवासी इंजिन बघायला जातो का?"

पहिल्या सोमवारी मी बुलेटिन उघडलं आणि हादरलेच. वर काकांचा सुटातला फोटो, खाली 'या आठवड्यातील ठळक यश'. पहिलं यश असं: 'भैया, ये तोरई है कि लाठी? शर्म नहीं आती?' भाजीवाल्याच्या पानावर दोडक्यांच्या फोटोखाली काकांनी लिहिलेलं हे वाक्य पंचवीस गिऱ्हाइकांना, तीन शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि आमच्या सगळ्या बिल्डिंगला पोचलं होतं.

दुसऱ्या सोमवारी त्याहून भयंकर. एका जुन्या सहकाऱ्याच्या निधनावर काकांनी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर खूप हात जोडले गेले, म्हणून ॲपने त्या सगळ्यात वर घेतल्या. भोवती रंगीत फुगे, आणि खाली 'हा आनंद आमच्यासोबत साजरा करा'. मी बँकेत कॅश काउंटरच्या मागे बसून "अरे देवा" असं इतक्या मोठ्याने म्हणाले की मॅनेजर बाहेर आले.

तिसऱ्या सोमवारी माझा नंबर लागला.

झालं होतं असं की माझी रेवा दहावीत. दुपारी चारला ती अभ्यासाला बसली की भिंतीपलीकडून काकांची घोषणा सुरू. संपली की पुन्हा तीच. मी बिल्डिंगच्या पानावर लिहिलं, 'काका, तुमचा आवाज भिंतीतून इतका स्पष्ट येतो की मुलीला अभ्यास करता येत नाही. चार वाजता तरी सराव नको.' बुलेटिनमध्ये 'समाधानी ग्राहक' या मथळ्याखाली माझ्या फोटोसकट छापून आलं, 'काका, तुमचा आवाज भिंतीतून इतका स्पष्ट येतो…' पुढे तीन टिंबं.

"मम्मा, आप तो मॉडल बन गईं," रेवा नुकत्याच शिकलेल्या लखनवी थाटात म्हणाली आणि तासभर हसत राहिली.

मी तरातरा शेजारी गेले. काका तक्रारीनेच दुखावले होते. "चार वाजता? चार वाजता मी घरी नसतोच! मी चार ते सहा निशातगंजला भाजीला जातो."

धडधडीत खोटं! मी संतापून परत आले. माणूस विक्षिप्त असावा, पण निदान खरं बोलावं. आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

इथे काकांच्या बायकोबद्दल, शैलाकाकूंबद्दल सांगायला हवं, कारण मलाही त्यांच्याबद्दल फारसं माहीत नव्हतं. मी येण्याआधीच त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. एके काळी इथल्या मराठी मंडळात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. आता तोंड वाकडं झालंय म्हणून त्या कुणालाच भेटत नसत. मी त्यांना एकदाच, पडद्याच्या फटीतून पाहिलं होतं.

नववा सोमवार. तोवर बुलेटिनने काकांना एकही काम आणलं नव्हतं. भाजीवाल्याशी मात्र कायमचं वैर झालं होतं. मी जेवणाच्या सुट्टीत सवयीने ते उघडलं. 'केसकरांचा सर्वाधिक ऐकला गेलेला नमुना' असं लिहून एक फीत होती. मी ती लावली.

"कृपया इकडे लक्ष द्यावे. लखनौहून पुण्याला आणि पुढे मिरजेला जाणाऱ्या प्रवासी श्रीमती शैला केसकर, तुमचं विमान तयार आहे. पलंगापासून गेट नंबर दोन, म्हणजे बाल्कनीपर्यंत, सावकाश यावं. वॉकर सोबत घ्यावा. घाई नाही. शैला, विमान तुझ्यासाठी थांबलंय."

मी डबा झाकला. हीच ती घोषणा असणार. रेवाला रोज चारला ऐकू येणारी. आणि ही आता पंचवीस गिऱ्हाइकांच्या फोनवर वाजत होती!

संध्याकाळी मी बेल न वाजवता त्यांचं दार ढकललं. काका स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते. आज कान धरलेला नव्हता.

"काका, काढून टाका ते. आत्ताच्या आत्ता."

"काढलं," ते हळूच म्हणाले. इतका लहान आवाज त्यांच्याकडे आहे हे मला ठाऊक नव्हतं. "मॅडम, तीस वर्षं मी लोकांना विमानात बसवलं. हिला गावी, मिरजेला मात्र कायम रेल्वेने नेलं. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणत राहिलो. झटका आल्यावर डॉक्टर म्हणाले, चालवा. ही उठेना. मग मी गंमत म्हणून विमान लावलं. हसली आणि चार पावलं चालली. त्या दिवशी ही फीत करून तिच्या टॅबवर ठेवली. दुसऱ्या दिवशी चालताना पडली. मी ओरडलो, धरायला धावलो. ती म्हणाली, माझं विमान रद्द. त्याला तीन महिने झाले. माझ्यासमोर पाऊल टाकत नाही. चार वाजले की म्हणते, जा भाजीला, दोन तास तोंड दाखवू नका."

मग त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. त्यांच्या ॲपमध्ये अजून त्या फितीखाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: या आठवड्यात एकेचाळीस वेळा ऐकली.

"मी एकदाही लावलेली नाही," काका म्हणाले. "मग एकेचाळीस वेळा कोणी लावली?"

घरात तिसरं माणूस नव्हतं.

"तुमच्याकडे भिंतीतून स्पष्ट ऐकू येतं ना?" त्यांनी विचारलं. माझीच तक्रार त्यांनी माझ्यापुढे अर्ज केल्यासारखी ठेवली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या शनिवारी बँकेला सुट्टी होती. चारला काका पिशवी घेऊन खाली उतरले आणि फाटकापाशीच उभे राहिले. मी आणि रेवा भिंतीला कान लावून बसलो. आधी काहीच नाही. मग काकांचा टॅबमधला आवाज आला, "कृपया इकडे लक्ष द्यावे." मग टक्. बराच वेळ शांतता. टक्. फीत संपली, पुन्हा सुरू झाली. टक्. एकदा काहीतरी घसरल्याचा आवाज आला तेव्हा रेवाने माझा दंड इतका आवळला की वळ उठले. मी उठून धावणारच होते. पण पलीकडून एक जाडसर, अडखळता बाईचा आवाज स्वतःलाच दरडावत म्हणाला, "चल ग!" पाचव्यांदा विमान सुटलं तेव्हा बाल्कनीची कडी वाजली.

"पहुँच गईं," रेवा कुजबुजली. ती रडत होती. मीही.

मी काकांना फोन लावला. "काका, कडी वाजली. गेट नंबर दोनवर पोचल्या."

पलीकडे बाजूने जाणाऱ्या स्कूटरचा आवाज फक्त.

"काका? वर येताय ना?"

"नाही, नाही," ते घाईने म्हणाले. "सहाला येतो. तिला कळायला नको. तिने बोलावल्याशिवाय मी यायचं नाही."

त्या फितीवरून एका टूरवाल्याचं बोलावणं आलं होतं, अशाच आवाजात जाहिरात हवी म्हणून. नऊ आठवड्यांतलं पहिलं काम. काकांनी नाही म्हणून कळवलं. तो आवाज आपल्याकडे विकायला नाही, म्हणाले. बुलेटिनच्या यादीतली सगळी नावंही त्यांनी एकेक करून काढली. पण ॲप बंद केलेलं नाही. दर सोमवारी सकाळी सातला ते अजून निघतं, आणि एकट्या केसकर काकांनाच जातं. भिंतीपलीकडे फोन वाजतो, आणि थोड्या वेळाने जिन्यात, बेल न वाजवता, अगदी हळू आवाजात घोषणा होते, "कृपया इकडे लक्ष द्यावे. या आठवड्यात त्रेपन्न."