तिसऱ्या गियरचा आवाज

गाडीतलं मला सगळं कळतं! चालवता येत नाही, ती गोष्ट वेगळी. आमच्या शैलाला मात्र मी डावीकडच्या सीटवर बसून आयुष्यभर गाडी शिकवली. "क्लचवरचा पाय काढ! उगाच गियर बदलू नको, क्लच जळंल!" ती शेंद्र्याला एका कारखान्यात हिशेब बघायची. ही जुनी गाडी तिनंच शोधून घेतली आणि तिनंच चालवली. ओरडायचं खातं तेवढं माझ्याकडं होतं. ती नुसतं "हं" म्हणायची आणि पाहिजे तेव्हा गियर बदलायची.

शैला दिवाळीच्या तोंडावर गेली. गाडी फाटकात उभी राहिली.

"बाबा, विकून टाका," मुलगी मृण्मयी पुण्याहून म्हणाली. "उभी राहून गंजंल."

मलाही पटलं. गिऱ्हाईक तर गल्लीतच मिळालं. कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान असलेले चांदपाशा! त्यांची बायको वहिदा पडेगावकडं एका शाळेत शिकवते, तिला जायला-यायला गाडी पाहिजे होती. म्हटलं, देऊ, पण कडुबाच्या गॅरेजातून ठणठणीत करून देऊ. शैलाची गाडी आहे. तिच्या माघारी कुणी म्हणायला नको, की बाईनं खटारा गळ्यात मारला!

कडुबानं मला शेजारी बसवून चक्कर मारली. फर्स्ट. सेकंड. मी कान टवकारून बसलो होतो. थर्ड पडला आणि मी डॅशबोर्डवर थाप मारली.

"थांब! गियर बसला नाही!"

"बसला की काका. गाडी पळती ना."

"आवाज कुठं आला?"

"कसला आवाज?"

"गियर बसल्याचा! बारीक असतो. काचेच्या बशीत चमचा ठेवला की येतो ना, तसा. सेकंडला थोडा, थर्डला हमखास. इतकी वर्षं ऐकतोय मी!"

कडुबानं गाडी कडेला घेतली आणि माझ्याकडं वळून बघितलं. "काका, लोक आवाज येतो म्हणून गाडी आणत्यात. आवाज येत नाय म्हणून आणणारे तुम्ही पैलेच!"

"अरे, आवाज गेला म्हणजे आत काहीतरी तुटलं असणार! माणसाची वाचा बसली तर डॉक्टर काय बरं झालं म्हणतो?"

कडुबानं बिचाऱ्यानं गियरचं तेल बदललं. आवाज नाही. क्लचप्लेट बदलली. तरी नाही! शेवटी गियरबॉक्स खाली उतरवला, सगळे गियर पेपरावर मांडले आणि बॅटरी मारून एकेक दात दाखवला. "लई भारी हायेत दात, काका. तुमच्यापेक्षा तरी जास्त हायेत!" मी स्वतः हात फिरवून बघितला. शर्टाची वाट लागली, दुसरं काही हाती आलं नाही.

बॉक्स परत चढवला आणि काय गंमत, गाडी घरघरायला लागली! न्यूट्रलला घरघर, क्लच दाबला की बंद. कडुबाला केवढा आनंद!

"घ्या काका! आला तुमचा आवाज!"

"हा नको रे! हा बेअरिंगचा! मला माझा पाहिजे!"

त्यानं कपाळाला हात लावला आणि बेअरिंगही बदललं. आता गाडी इतकी गप्प झाली, की मला आत बसवेना.

एव्हाना चांदपाशांच्या चकरा वाढल्या होत्या. एक दिवस ते अदबीनं म्हणाले, "काका, देने का दिल नाय तो साफ बोलो ना. हम बुरा नाय मानते."

"दिल आहे हो! पण सदोष माल कसा देऊ?"

त्यांनी बहुतेक मृण्मयीला फोन लावला असणार, कारण संध्याकाळी तिचा मला आला. "बाबा, आई गेल्यापासून तुम्ही एकदाही रडला नाहीत. आणि एका गियरसाठी रोज गॅरेजात जाऊन बसता!" असं म्हणून तीच रडायला लागली. मी चिडलो. रडण्याचा आणि गियरचा काय संबंध? पोरीला गाडीतलं काही कळत नाही, म्हणून फोन ठेवून दिला.

शेवटी तोडगा निघाला. वहिदाबाईंनी स्वतः चालवून बघायची, त्यांना पसंत पडली तर विषय संपला. त्या नुकत्याच भावाच्या लग्नाहून परत आल्या होत्या. वहिदाबाई स्टिअरिंगवर, चांदपाशा मागं आणि मी माझ्या जागेवर. दौलताबादचा रस्ता धरला.

फर्स्ट. सेकंड. मी दचकलो. काहीतरी वाजलं! मग थर्ड पडला.

किणकिण!

"आला!" मी सीटवरच उडालो. "आला, आला! बसला गियर! ऐकलं का चांदपाशा?"

"क्या आया काका?"

"बेटी, परत बदल! एकदा परत!"

त्यांनी सेकंड टाकला, परत थर्ड टाकला. किणकिण! तोच! मी आनंदानं गियरच्या दांड्याकडं बघितलं. दांड्यावर हात होता, आणि हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. मनगटभर.

"अंकल, ये तो मेरे चुडियां हैं," वहिदाबाई घाबरून म्हणाल्या. "भाई की शादी थी ना. उतारूं क्या?"

"नको," मी म्हणालो. "नको, राहू दे."

शैलाच्याही हातात जाताना हिरव्याच होत्या. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी तिचा चुडा भरला, हळदकुंकू लावलं आणि तशीच पाठवली तिला. मी तिथंच उभा होतो. आणि तो आवाज मी कडुबाच्या गॅरेजात शोधत होतो!

मग मला रडू फुटलं. साधंसुधं नाही, भोकाडच पसरलं, भर रस्त्यात, खिडकी उघडी. शेजारून जाणारा टेम्पोवाला वाकून बघायला लागला. मागून चांदपाशा पाण्याची बाटली पुढं करत घाईघाईनं म्हणाले, "काका, रखो तुम गाडी! रखो! हमको नाय होना!"

"नाही हो," मी नाक पुसत म्हणालो. "गाडी तुमचीच. काही बिघाड नाही तिच्यात."

पुढं रस्ता सरळ होता, मोकळा होता, गियर बदलायचं काही कारण नव्हतं. वहिदाबाईंनी थर्डचा सेकंड केला. सेकंडचा परत थर्ड. थोडं पुढं जाऊन परत तेच. पार दौलताबादपर्यंत.

अशानं क्लच जळतो. प्लेट तर अगदी नवी. गाडीतलं मला सगळं कळतं हो, पण मी एक अक्षर बोललो नाही.