वहिनीला सोबत लागते

आमच्या घरात कांदा कोणी कोणाच्या हातात देत नसे. रजनीवहिनी तो टाकायची. गॅसपाशी उभ्या आईनं नुसतं "कांदा" म्हणावं, की मागच्या दाराकडून कांदा निघालाच. तो सरळ येत नसे. आधी वर जायचा, पंख्याखाली जरा रेंगाळायचा आणि आता आपल्या हातात पडणार असं वाटेपर्यंत ओट्यावर एक टप्पा घेऊन डावीकडे वळायचा. आई बिचारी साठीला आलेली, पण डाव्या हातानं झेलायला शिकली होती. मला काही ते जमलं नाही. मला राग यायचा. बटाटा एकदा माझ्या चहात पडला तेव्हा मी दोन दिवस वहिनीशी बोलले नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

वहिनी माझ्या दादाची बायको, भंडाऱ्याची. नागपूरला कॉलेजात असताना ऑफस्पिन टाकायची, लग्न होऊन भिलाईला आली ती हाताची बोटं तशीच वळवत आली. तेव्हा आमचा भाग मध्य प्रदेशात, म्हणून ती मध्य प्रदेशच्या बायकांच्या संघाकडून खेळायला लागली. दादा प्लांटमध्ये, रोलिंग मिलला. नाइट शिफ्ट करून सकाळी येऊन झोपायचा आणि वहिनी क्वार्टरच्या मागच्या भिंतीवर बॉल टाकत बसायची. धप्, धप्, धप्. शेजारचे साहू म्हणायचे, "भाई साहब, आप सो कैसे लेते हो?" दादाचं उलट होतं. धप् बंद झालं की त्याला जाग यायची.

तिचं सगळं तत्त्वज्ञान तीन शब्दांचं होतं. "येऊ दे पुढे." बॅट्समनला ओढून बाहेर आणता येत नाही, तिला स्वतःहून यावंसं वाटलं पाहिजे, म्हणून बॉल हवेत ठेवायचा, असं तिचं म्हणणं. जबलपूरच्या मॅचमध्ये एका धिप्पाड मुलीनं तिला लागोपाठ दोन सिक्सर मारले. आमची कॅप्टन कपाळाला हात लावून उभी, आणि ही गालातल्या गालात हसते आहे. तिसरा बॉल आणखी वर टाकला. धिप्पाड मुलगी तीन पावलं पुढे आली, बॅट फिरली वाऱ्यात, आणि मागे कीपरनं बेल्स उडवल्या. परत येताना वहिनी मला म्हणाली, "दोन सिक्स गेले तर गेले. बोलावणं धाडायले खर्च येतेच ना."

भाजीबाजारातही तेच. कोबी हातात घेऊन ती भाजीवालीशी पिकाची, पावसाची, तिच्या नातवाची गोष्ट करायची, किमतीचा उल्लेख नाही. शेवटी भाजीवालीच वैतागून म्हणायची, "ले जा दाई, कतका देबे?" किती देतेस, असं तिनंच विचारलं की मग वहिनी भाव सांगायची. मी पिशवी धरून उभी राहून पाय दुखवून घ्यायचे.

आता मी तिच्याबरोबर जबलपूरला आणि बाजारात काय करत होते, ते सांगायला हवं. माझं लग्न राजनांदगावला झालं होतं आणि वर्षभरात मी परत आले होते. तिकडचं सांगण्यासारखं काही नाही. इकडचं मात्र होतं. दुधाच्या रांगेत गेलं की बायका विचारायच्या, "कब जा रही हो वापस?" मराठी बायका तर घरी येऊन, बसून, चहा घेऊन विचारायच्या. मी बाहेर जाणं सोडलं. सकाळी उठायचं, आतल्या खोलीत बसायचं, संध्याकाळ झाली की लाइट लावायचा. दादा समजावून थकला, आई रडून थकली.

वहिनीनं समजावलं वगैरे काही नाही. एका संध्याकाळी ती दारात येऊन बूट घालत म्हणाली, "निमा, आईंनी अट घातली. घरचं कोणी सोबत असन तरच ग्राउंडवर जाय म्हणे, नाहीतर बंद. दोन महिन्यांवर सीझन आहे. आता तूच सांग, मी काय करू?"

मला आईचा राग आला आणि वहिनीची कीव. पदर डोक्यावर घेऊन गेले तिच्यामागे. ती कॉलेजच्या पोरींना बॉल टाकत राहिली, मी चिंचेखाली तोंड फिरवून बसले. दुसऱ्या दिवशीही. मग रायपूर, मग जबलपूर, मग ग्वाल्हेर. लेडीज डब्यात तिची किटबॅग मांडीवर घेऊन मी कितीतरी मध्य प्रदेश पाहिला. आधी मी नुसत्या बॅगा सांभाळायचे. पुढे ग्वाल्हेरला स्कोरर आलीच नाही, तर वहिनी कॅप्टनला म्हणाली, "हमारी निमा लिखेगी." मला काही विचारलं नाही. त्या दिवशी मी अंपायरशी भांडले. त्यानं वाइडची खूण केली नव्हती आणि नंतर मला वाइड लिहायला सांगत होता. परक्या पुरुषाशी मी इतक्या मोठ्यानं बोलले याचं मलाच नवल वाटलं. त्यानंतर दुर्गला बी.एड.ला नाव घातलं, बसनं एकटी जाऊ लागले. दुधाच्या रांगेतल्या बायकांना एकदा म्हटलं, "नहीं जा रही, अब मत पूछना." परत नाही कोणी विचारलं.

आणि मग ती भोपाळची भानगड आली. राज्याच्या वरची पायरी असलेल्या झोनच्या संघासाठी सिलेक्शन मॅच. वहिनीचं वय वाढत चाललेलं, मागून कोवळ्या पोरी येत होत्या. या वर्षी नाही तर कठीणच, हे तिलाही माहीत होतं. महिनाभर तिनं भिंत नुसती सोलून काढली. आणि नेमकी तिच्या भोपाळला निघायच्या दिवशीच दुर्गच्या एका शाळेत माझी मुलाखत निघाली.

मी म्हटलं, "मुलाखती येतात-जातात. मी तुमच्यासोबत येते."

"कायले? मी जातच नाही," वहिनी म्हणाली. "खांदा दुखून राहिला माहा." आणि त्याच खांद्यानं तिनं आईकडे लिंबू टाकलं. असं वळलं की आईलाही सापडलं नाही, पलंगाखाली गेलं.

मला राहवलं नाही. वहिनी अंघोळीला गेल्यावर मी आईसमोर जाऊन बसले. म्हटलं, "आई, एवढ्या एका वेळेला तुझी अट सोड. जाऊ दे तिला एकटीला. जन्माचं नुकसान होईल तिचं."

आई तांदूळ निवडत होती. "कोणती अट?"

"सोबत कोणीतरी पाहिजे ती."

"मी कावून घालू अट? मी तर तिले म्हटलं होतं, एकटी जाय, निमाले कावून तरास देतं? तर मलेच म्हणे, आई, तुमी गप्प राहा. निमानं विचारलं तर सांगा का तुमचीच अट आहे." आईनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "मी तयारच होती सांगाले. तू कधी विचारलंच नाही."

मी तशीच मागच्या अंगणात गेले. वहिनी ओल्या केसांनीच भिंतीवर बॉल टाकत होती. म्हटलं, "इतकी वर्षं मला मूर्ख बनवलंत?"

धप्. "तुले चाल म्हटलं असतं, तर तू आली असती का?"

बॉल घरंगळत माझ्या पायाशी येऊन थांबला.

"मंग," ती म्हणाली आणि बॉल उचलायला गेली. माझा राग होता तिथेच होता, पण मी घरात आले आणि तिची भोपाळची बॅग भरायला घेतली.

दोघी एकत्रच दुर्गला गेलो. तिची गाडी सकाळची, माझी मुलाखत त्यानंतर. गाडी लागली तरी ती चढेना. दाराची दांडी धरून उभी. एवढी दोन सिक्सर खाऊन हसणारी बाई, पण आता माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"निमा, अट मी बनवली हे खरं," ती म्हणाली. "पण सोबत मले खरंच लागते. तिथं माह्याशी कोणी बोलत नाही वो. सगळ्या अठरा-वीसच्या पोरी, मी त्यांची दीदी. विकेट पडली का टाळी देतात अन् आपापल्या घोळक्यात जातात. घरच्या कोणी मले कधी खेळताना पाहिलं नाही, तुझ्याशिवाय. तू बाऊंडरीपाशी बसली राहते, तर मले मधात उभं राहता येते."

मी म्हटलं, "मुलाखत राहू द्या, मी चढते."

तिनं मला धक्का मारून मागे सारलं. खरोखरचा धक्का, मी एका हमालावर आदळले. आणि ती चढली.

परत आली त्या दिवशी मी दुर्ग स्टेशनवर गेले होते. ती उतरली, बॅग खाली ठेवली आणि आधी विचारलं, "झालं?"

"झालं. एक तारखेपासून या म्हणाले."

तिनं मान हलवली. "माह्य नाव नाही आलं."

मला तिच्याकडे पाहवेना. ती मात्र बाकावर बसून बूट झटकत होती. "पुढल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ठेवा म्हणावं सिलेक्शन," ती म्हणाली. "माह्या निमाले शाळा राहते."

मी तिच्याशेजारी बसले. म्हटलं, "पहिल्या बॉलपासून सांगा."

तिनं सांगायला सुरुवात केली. पिच कशी होती, वारा कुठून होता, कोणाचा कॅच कोणी सोडला. भिलाईकडे जाणारी एक लोकल गेली, मग दुसरी गेली. त्या दिवशी गाडीत चढल्यापासून ती पहिल्यांदाच कोणाशी तरी बोलत होती.