हॉस्किन्स यांच्या डेकावरील सहा इंची स्क्रूंची मोहीम

शुभं भवतु. क्वीन्सलंड प्रांती, टूवूम्बा शहरी, राजश्री डॅरिल हॉस्किन्स यांनी मागील दारी लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा उघडा ओटा, बांधिला, ते समयी जे रण माजले ते डाव्या कुंपणावरून जैसे पाहिले तैसे लिहितो. यात पदरचे काही नाही. शिव्या मात्र गाळिल्या.

कारण ऐसे जे, सासूबाई मातुश्री मर्ल यांचे खुब्याचे हाड मोडले, आणि इस्पितळाचा हुकूम जाहला की, शनिवारपावेतो मागील दारच्या पायऱ्या काढोन उंबऱ्याशी समतल डेक व उतरण व्हावी, तरच बाई घरी. नपेक्षा रवानगी वृद्धाश्रमी. मातुश्रींनी निरोप धाडिला की, तेथे पाचालाच जेवण वाढून दिवे मालवितात, आपण तेथे जगणार नाही. लेक नोलीनबाई रडो लागल्या. तेव्हा डॅरिलराव वदले, "होऊन जाईल गं." हे त्या मुलुखाचे ब्रीद, छप्पर उडाले तरी हेच बोलतात, आणि मग दुसरा कोणी येऊन छप्पर बसवितो.

मग गुरुवारी कूच जाहले. लाकूड जुन्या पुलाचे आयर्नबार्क, नावाला लाकूड, गुणाने पोलाद. रावांनी स्क्रूंची पलटण मांडिली, स्क्रू पिळावयाचे ड्रायव्हर यंत्र हाती घेतले, आणि आधी भोक न पाडता थेट हल्ला चढविला. पहिला स्क्रू अर्ध्यात अडला, किंचाळला, आणि शिर धडावेगळे जाहले. मग दुसरा, मग तिसरा. शुक्रवार दुपारपावेतो एकतीस वीर कामी आले आणि यंत्रातून धूर निघाला.

उजव्या कुंपणापलीकडे क्लॅरी पेंडरगास्ट, वयोवृद्ध सुतार, चहाचा पेला घेऊन उभे होते. "आधी भोक का पाडत नाहीस?"

"टोकदार आहे. त्याची वाट तो काढतो."

"बघतोय ना कालपासून. एकतिसांनी काढली. साबण तरी चोळ त्यांना."

"आंघोळही घालतो, टॉवेल दे."

येणेप्रमाणे तहाची बोलणी फिसकटली. पेटीत चोवीस स्क्रू उरले, हवे होते चोवीसच, आणि दुकानी नवा माल सोमवारी. नोलीनबाईंनी भांडण केले नाही. आत गेल्या आणि लव्हेंडरच्या साबणाची कोरी वडी रावांच्या हाती ठेविली.

"आईचा आहे. ती येणार नसेल तर ठेवून तरी काय करू?"

रावांनी वडी खिशात घातली. मग अभिमान गिळोन कुंपणापाशी गेले आणि पुसिले, "क्लॅरीकाका, भोक केवढं पाडू?"

काका योग्य जाडीचे गिरमिट व आपले यंत्र घेऊन कुंपण ओलांडोन आले, आणि थट्टा एकदाही केली नाही. मग भोक पाडावे, साबण चोळावा, स्क्रू सोडावा. लोण्यात सुरी जावी तैसे चोवीसही आत गेले.

शनिवारी मातुश्रींची स्वारी वॉकर टेकीत उतरणीवरून चढली, मध्येच थांबली, नाक वर करोन वास घेऊ लागली. "डॅरिल, माझा साबण कुठंय?"

"तुमच्या पायाखाली."

मातुश्रींनी वॉकर दोनदा आपटोन पाहिला. डेक हलला नाही. लिहिणाराचे डोळे भरोन आले, हे लपवीत नाही.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. पतन: स्क्रू एकतीस, साबण एक. पाचाचे ठोके पडले तेव्हा मातुश्री डेकावर खुर्ची मांडोन बसल्या होत्या, आणि हुकूम जाहला की, आठाच्या आत कोणी जेवणाचे नाव काढू नये.