भोंग्याचा घसा बसला तेव्हा

बोलण्यात मला कुणी हरवून दाखवावं! धक्क्यावरच्या आमच्या सहल-कचेरीत तिकीटखिडकीमागे बसून मी वर्षानुवर्षं समोरच्या बेटाचं वर्णन करत आलोय. मागे भिंतीवर डाग पडलेला नकाशा, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, आणि समोर जाळीला नाक लावून उभा असलेला पर्यटक. मी एकदा 'गर्द अरण्य, अद्भुत पक्षी, हातांनी घडवलेल्या नावा' असं सुरू केलं की समोरच्याने चपला हातात घेऊन तसंच पाण्यात उतरावं!

फक्त एक बारीकशी गोष्ट मी कुणाला सांगत नसे. त्या बेटावर मी स्वतः कधी पाऊल ठेवलं नव्हतं. मला बोट लागते!

बेटावर माणसं फिरवण्याचं काम माझ्या साडूचं. माझ्या मेहुणीचा नवरा. त्याला सगळा धक्का 'भोंगा' म्हणतो. तो इकडे हसला की तिकडे नांगरलेल्या बोटी हलतात! तर हा भोंगा एका सकाळी गळ्याला मफलर गुंडाळून कचेरीत आला. घामाने निथळत होता, पण मफलर सोडायला तयार नव्हता. आदल्या दिवशी होड्यांच्या शर्यतीत असा काही ओरडला होता, की त्याची होडी पहिली आली आणि आवाज कायमच्यासारखा गेला. शब्द सोडा, कुजबुजसुद्धा करायची नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती.

बाहेर पर्यटक टोप्या घालून तयार. मालक डोक्याला हात लावून बसलेले. "रद्द करा सहल," ते म्हणाले, "मुका गाईड काय दाखवणार?"

तेवढ्यात त्याच्यामागोमाग आलेली माझी मेहुणी पुढे झाली. "रद्द कशाला? आमचे भाऊजी आहेत ना! ताई सांगते, झोपेतसुद्धा बेटाबद्दलच बडबडतात म्हणे. हे खुणा करतील, भाऊजी बोलतील!"

साडूने दोन्ही हात जोरजोरात हलवले. डोळे मोठे केले. मान इतकी हलवली की मफलर सुटला.

"बघा, किती आनंद झालाय त्याला!" मी म्हणालो.

आणि अशी आमची दुभाषेगिरी सुरू झाली. लिहून दाखव म्हणावं, तर त्याचं अक्षर त्याच्या बायकोलाही लागत नाही. बोटीत बसल्यावर मी डोळे मिटून घेतले ते थेट पाणी शांत झाल्यावरच उघडले.

आणि उघडले ते मिटेचनात! बोट एका अरुंद खाडीत शिरली होती. दोन्ही बाजूंनी खारफुटीची झाडं, जणू लुगडं वर धरून पाण्यात उभ्या राहिलेल्या बायका! मुळं सगळी उघडी. पाणी हिरवं, वरचं ऊन हिरवं, समोरच्या हेडबाईंचा चष्मासुद्धा हिरवा. हेडबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. निवृत्त फक्त कागदोपत्री, नजर अजून हजेरी घेणारी! त्यांच्याशेजारी एक कॅमेरेवाला तरुण, पलीकडे एक काटकुळे आजोबा आणि त्यांची सून, आणि बाकीची मंडळी.

साडूने तळहातावर दोन बोटं चालवली आणि तोंड माशासारखं उघडमीट केलं.

"इथले लोक मासे आणायला पायी जातात!" मी जाहीर केलं.

साडूने कपाळावर हात मारला आणि किनाऱ्याकडे बोट दाखवलं. चिखलावर मासे होते. ते चालत होते! कल्ल्यांजवळच्या परांवर जोर देत, फुगीर डोळे फिरवत, चिखलातून सकाळचं फिरायला निघालेल्या पेन्शनरांसारखे! एक तर चक्क झाडाच्या मुळावर चढला!

"अरे बापरे! मासा झाडावर चढला!" हे बोटीत सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं असेल? मीच!

हेडबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही गाईड ना? तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं हो. पण नवल काही जुनं होत नाही!" मी म्हणालो. वेळ निभावली. पण खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला होता. हे सगळं माझ्या खिडकीसमोर होतं, आणि मी त्याच्याकडे पाठ करून नकाशा दाखवत बसलो होतो!

बेटावर उतरून आम्ही जंगलाच्या तोंडाशी आलो. साडूने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. जमिनीकडे बोट दाखवलं, दहाही बोटं पायांवरून सुरसुर वर चढवली आणि टुणकन उडी मारली.

"मंडळी, अंग मोकळं केल्याशिवाय आत शिरायचं नाही! चला, सगळ्यांनी आहात तिथेच नाचा!"

आणि मंडळी नाचली हो! आजोबा तेवढे हसतहसत बाजूला सरकून उभे राहिले. कॅमेरेवाला कॅमेऱ्यासकट नाचला. हेडबाईंनी शाळेच्या कवायतीसारखे मोजून पाय आपटले. मग एकाएकी सगळ्यांच्या नाचाला जी काही लय चढली! हात वर, पाय वर, किंकाळ्या! कारण आम्ही लाल मुंग्यांच्या रांगेवर नाचत होतो. एक मुंगी माझ्या सदऱ्यात शिरली, तीही नाचू लागली!

"हे अंग मोकळं करणं?" हेडबाई पाय झाडत कडाडल्या.

साडूने माझ्याकडे असं पाहिलं, की त्याचं भाषांतर करायची गरज नव्हती.

पुढे वस्ती लागली. तिथली नावा बांधायची जागा मात्र मी जन्मात विसरणार नाही. छपराखाली अर्धी बांधलेली नाव उभी होती. नुसता सांगाडा. आत शिरलो तर एखाद्या प्रचंड माशाच्या पोटात उभं राहिल्यासारखं वाटलं! दोन्हीकडून वर गेलेल्या लाकडी फासळ्या, लाकडाच्या भुशाचा ओला वास. म्हातारा सुतार लाकडाला तळवा लावून फिरत होता, घोड्याला थोपटावं तसा. खिळा कुठे दिसेना. फळीला फळी काथ्याने शिवलेली! समुद्रावर जायची नाव, आणि शिवलेली! साडूने सुई ओढल्यासारखी खूण केली, आणि या वेळी पहिल्यांदा माझं भाषांतर बरोबर आलं.

तेवढ्यानेच मी चेकाळलो! वस्तीच्या टोकाला निळ्या दाराचं एक टुमदार घर होतं. साडूने घराकडे बोट दाखवलं, नाव वल्हवल्याची खूण केली, मग दोन्ही तळवे जोडून गालाखाली धरले आणि डोळे मिटले. शेवटी ओठांवर बोट ठेवलं.

मी ओळखलंच! टोपी काढून छातीशी धरली आणि दाटल्या कंठाने, पण खणखणीत आवाजात सुरू झालो. "मंडळी! या वास्तूत एक थोर दर्यावर्दी चिरनिद्रा घेत आहे! वादळांना त्याने आव्हान दिलं! लाटा त्याच्यापुढे नमल्या!"

सगळ्यांच्या टोप्या उतरल्या. एका बाईंनी तर डोळ्यांना पदर लावला. साडू माझी बाही ओढत होता. मला वाटलं, त्यालाही गहिवरून आलं.

"अशा वीराला कोण जागं करू शकेल?" मी गरजलो.

दार धाडकन उघडलं! बनियनमधला एक माणूस, केस विस्कटलेले, डोळे लालभडक. "रात्रभर समुद्रावर जाळी ओढून आत्ता कुठे टेकलोय! कोण बोंबलतंय?"

"हे कोण?" कॅमेरेवाल्याने विचारलं.

"त्यांचे वंशज," मी पुटपुटलो.

त्यानंतर मात्र मंडळी भडकली. हेडबाईंनी मला वर्गाबाहेर उभं करावं तसं झाडाखाली उभं केलं. "एक अक्षर बोलू नका आता!" तेव्हा आजोबांची सून हळूच माझ्याजवळ आली.

"रागावू नका हं, काका. पण आमच्या मामंजींना विचारायला हवं होतं तुम्ही. त्यांना सकाळपासून सगळं कळतंय."

"म्हणजे?"

"त्यांना अजिबात ऐकू येत नाही. छापखान्यात जन्म गेला, त्या यंत्रांनी कान घालवले. घरात आम्ही खुणांनीच बोलतो. मुंग्या आहेत, माणूस झोपलाय, सगळं त्यांनी मला सांगितलं होतं. पण तुमचं इतकं रंगात आलं होतं, की मध्ये बोलायचा धीर झाला नाही."

मी आजोबांकडे पाहिलं. ते आणि साडू समोरासमोर उभे राहून झरझर हात चालवत होते. दोघं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसत होते. साडूला सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी बोलायला मिळालं होतं!

"ते एका पक्ष्यासाठी आलेत," सून म्हणाली. "धनेश. कॅलेंडरवर त्याचं चित्र त्यांनी किती वर्षं छापलं. खरा कधीच पाहिला नाही. पुढच्या महिन्यात डोळ्याची शस्त्रक्रिया आहे. काय होईल ते डॉक्टरही छातीवर हात ठेवून सांगत नाहीत. म्हणून आत्ताच आणलं."

धनेश आवाजाला बुजतो, हे खिडकीत बसून मीही सांगत असे. आणि आज या बेटावरचा सगळ्यात मोठा आवाज मी होतो!

आता सून साडूच्या खुणा वाचून कुजबुजत सांगू लागली. एक उंचच उंच झाड, त्याच्या खोडात ढोली. मादीने आत अंडी घातली की ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून घ्यायचं. स्वतः आत, बाहेर उरते एक फट. पिल्लं होईपर्यंत नर बाहेरून दाणापाणी आणणार. पण माणसांचा गोंगाट ऐकला तर तो जवळ फिरकत नाही, आणि आत ती उपाशी.

आम्ही त्या झाडासमोर झुडपांआड जाऊन बसलो. कुणी हलेना. ओहोटी लागायच्या आत परतायला हवं होतं, आणि नराचा पत्ता नव्हता. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

नेमकं त्याच वेळी सदऱ्यातल्या मुंगीला भूक लागली. चावली! बरगडीवर! मी डोळे घट्ट मिटले. पुन्हा चावली! हेडबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड फुग्यासारखं झालं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हूं नाही की चूं नाही. त्या शिस्तप्रिय बाईने काय करावं? पर्समधून रुमाल काढून माझ्या तोंडात कोंबला!

आणि मग तो आला.

आधी आवाज. लोहाराचा भाता आभाळातून चालत यावा तसा. फुस्स... फुस्स... फुस्स... पानं थरथरली. मग डोक्यावरून काळी-पांढरी सावली सरकली आणि तो फांदीवर उतरला. केवढा म्हणून सांगू! पिवळीजर्द चोच, तिच्यावर मुकुटासारखं शिंग. त्याने मान तिरकी करून आजूबाजूला पाहिलं, मग फटीशी सरकला. आतून चोचीचं टोक तेवढं बाहेर आलं. त्याने गळा हलवून एक फळ वर आणलं आणि अलगद त्या टोकात ठेवलं. मग दुसरं. मग आणखी एक. मुठीत झाकून आणलेला खाऊ एकेक करून द्यावा तसं.

मुंगी चावत होती की नाही, आठवत नाही.

आजोबांनी माझा हात धरला. नजर पक्ष्यावरून न काढता त्यांनी आपल्या कानाला बोट लावलं आणि भुवया उंचावल्या. आवाज कसा आहे? त्यांनी मला विचारलं होतं. मला! आणि मला खूण सुचेना. सगळं वर्णन, सगळी विशेषणं, सगळं बिनकामाचं ठरलं. शेवटी मी तोंडातला रुमाल काढला, त्यांचा तळहात माझ्या ओठांजवळ नेला आणि त्याच्यावर फुंकर घातली. जोराची. थांबून पुन्हा. थांबून पुन्हा.

तेवढ्यात नर उडाला. अगदी आमच्या डोक्यावरून. पंखांचा वारा चेहऱ्यावर आला, आणि माझी फुंकर त्याच लयीत त्यांच्या तळहातावर पडत होती. आजोबांनी डोळे मिटले. मग उघडले. मग तो तळहात कितीतरी वेळ तसाच उघडा धरून बसले.

पक्षी पार दिसेनासा झाल्यावर ते पहिल्यांदा बोलले. बहिऱ्या माणसाचा तो सपाट, मोठा आवाज. "पिवळा चुकला होता आमचा. एवढी वर्षं फिका छापला."

परतताना बोटीत मी डोळे उघडे ठेवून बसलो होतो, आणि बोट लागायचं विसरूनच गेली.

धक्क्यावर मेहुणी उभी होती, मालकही. "काय भाऊजी, कशी काय झाली सहल?"

मी काही म्हणायच्या आत आजोबांनी येऊन माझे दोन्ही हात हातात घेतले. सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पुष्कळ गाईड पाहिले मी, पण तुमच्यासारखा नाही! सकाळपासून तुमचा एक शब्द ऐकू आला नाही मला. काय मजा आली म्हणून सांगू!"

मालकांची छाती अभिमानाने फुगली. तेवढ्यात मागून हेडबाईंचा सुस्कारा ऐकू आला.

"नशीबवान आहेत हो!"