आईची फळी आणि ताईचं इंजिन

गॅरेजमधला एकूण ऐवज असा होता : ताईची जुनी पण तापट गाडी, एक. तिच्या इंजिनाचे सिलिंडर, चार. त्यांच्यासाठी आणलेल्या स्टीलच्या नळ्या, चार. मोजपट्ट्या, दोन. शेजाऱ्यांकडून मागून आणलेला जॅक, एक. आणि स्वयंपाकघरातून न मागता आणलेली भाजी चिरायची लाकडी फळी, एक. या सगळ्याच्या मधोमध ताईचा धाकटा भाऊ उभा होता. स्वारी नुकतीच विज्ञानाची पदवी घेऊन आलेली, त्यामुळे जगातली कुठलीही अडचण नीट मोजली की सुटते, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"अर्धा सेकंद!" त्याने जाहीर केलं. "लिहून घे ताई. रविवारी तुझ्या फेरीतला अर्धा सेकंद कमी करून देतो!"

ताईला नेमका तेवढाच हवा होता. बहात्तर सेकंदांच्या आत फेरी पूर्ण करणाऱ्यालाच शर्यतीच्या अंतिम गटात जागा, आणि तिचं घोडं बहात्तर पूर्णांक चारवर पेंड खात होतं. रविवारची संधी या हंगामातली शेवटची.

"कंपनीच्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या या जोडनळीत, काय होतं," धाकटा समजावू लागला, "चारही सिलिंडरांचा धूर सिनेमा सुटल्यासारखा एकाच दाराकडे धावतो. नुसती धक्काबुक्की! मी बनवतोय तो हेडर. प्रत्येकाला स्वतंत्र नळी, चारही नळ्या सारख्या लांबीच्या. धूर कसा शिस्तीत बाहेर पडेल!"

"धुराला शिस्त लावण्याआधी स्वतःच्या खोलीला लाव," दारातून आई म्हणाली. "आणि माझी फळी पाहिलीस का रे?"

"कुठली फळी?" त्याने अगदी प्रामाणिकपणे विचारलं. त्याच्या डोक्यात तेव्हा फक्त नळ्या होत्या. मोजपट्टी आत शिरेना, म्हणून त्याने इंजिनाची पुढची बैठक सोडवली होती, जॅकने इंजिन उचललं होतं, खाली काहीतरी सपाट सरकवून ते त्यावर टेकवलं होतं आणि जॅक परत देऊन टाकला होता. मग दिवसभर मापं घेतली. प्रत्येक माप तीनदा! संगणकावर असा देखणा आराखडा काढला की त्याला स्वतःचीच दृष्ट लागायची. आराखडा आणि नळ्या वेल्डरकाकांकडे पोचवल्या, आणि उत्साहाच्या भरात जुनं मॅनिफोल्ड भंगारवाल्याला देऊन टाकलं.

शनिवारी सकाळी वेल्डरकाका हेडर घेऊन आले. चार नळ्या अशा वळल्या होत्या की जणू चार हंसांनी माना एकत्र आणल्यात. तोपर्यंत ताईने इंजिनाची बैठक पुन्हा आवळून ठेवली होती. हेडर बसवला, बोल्ट लागले, ताई आत बसली आणि तिने स्टिअरिंग फिरवलं.

डावीकडे फिरलं. उजवीकडे फिरेना.

"का रे शास्त्रज्ञा, मैदानावर उजवी वळणं किती आहेत?"

"सात," धाकटा पुटपुटला.

"मग मी सातही वेळा उतरून गाडी ढकलत वळवू का?"

तो गाडीखाली शिरला. तिसरी नळी स्टिअरिंगच्या सांध्याला गालाला गाल लावून बसली होती. आराखड्यात तिथे अडतीस मिलिमीटर मोकळी जागा होती. गाडीत शून्य!

"काका, नळी चुकीची वळलीय."

"मोजून घे," काका म्हणाले आणि बाकड्यावर बसून राहिले.

त्याने मोजली. नळी बरोबर. दुसरी, तिसरी, चौथी, सगळ्या बरोबर. मग मोजपट्टीच चुकली असणार! त्याने पहिली मोजपट्टी दुसरीने मोजली. दोन्ही सारख्या. म्हणजे दोन्ही सारख्याच चुकीच्या? तो शाळेतली फूटपट्टी शोधून आला. तीही त्यांनाच सामील!

"धातू तापला की वाढतो..." तो म्हणाला.

"गाडी अजून सुरूही केलेली नाही," ताई म्हणाली.

"मग तुझ्या वजनाने गाडी दबत असेल. जरा उतर. आता बस. आता उतर."

"माझ्या वजनावर घसरलास तर बघ हं! उद्या सकाळी शर्यत आहे, जुनं मॅनिफोल्ड भंगारात आहे, आणि हा मला उठाबशा काढायला लावतोय!"

धाकट्याचा चेहरा उतरला. सगळं बरोबर आणि बसत मात्र नाही! विज्ञानाने त्याच्याशी असा दगाफटका आजवर केला नव्हता. पाणी प्यायला तो स्वयंपाकघरात गेला. आई बीट चिरत होती. लाकडी फळीवर. फळीच्या कडेला काळ्या ग्रीसचा डाग होता.

"ही... ही कुठे सापडली?"

"ताईने परवा आणून दिली. घासून घासून हात दुखले माझे! तुझ्या इंजिनाखाली होती म्हणे."

त्याने बीट बाजूला सारलं आणि पट्टी लावली. फळीची जाडी अडतीस मिलिमीटर!

गॅरेजमध्ये सगळं सांगून होईपर्यंत काकांना हसू आवरेना. "म्हणजे फळीवर बसलेल्या इंजिनाचं माप घेतलंस, आणि आता इंजिन बसलंय फळीविना!"

"काका, दुसऱ्या नळ्या?"

"स्टील सोमवारी मिळेल."

ताईने हात पुसले. "फळीवर बसत होतं ना? मग फळीवरच बसव."

आईची पाठ वळताच फळी गॅरेजमध्ये आली, काकांनी तिला दोन भोकं पाडली, लांब बोल्ट आणले, आणि इंजिन पुन्हा आपल्या पाटावर विराजमान झालं. स्टिअरिंग दोन्हीकडे फिरलं. आईला काय सांगायचं, हा प्रश्न सर्वानुमते पुढे ढकलण्यात आला.

रविवारी गाड्या तपासणारे साहेब खाली वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

"हे काय आहे?"

"कंपनं शोषणारा लाकडी थर, सर," धाकटा म्हणाला.

"आणि हे लाल?"

"बीट, सर."

साहेबांनी नियमांचं पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं. बिटाबद्दल त्यात काहीच नव्हतं. त्यांनी गोंधळून सही केली.

ताई सुटली. सातही उजवी वळणं घेतली. फलकावर आकडा आला : एकाहत्तर पूर्णांक नऊ! धाकट्याने काकांना मिठी मारली, काकांनी साहेबांना मारली, साहेबांना अजून काही कळलंच नव्हतं. तेवढ्यात ताईचा फोन वाजला. आई होती. "जिंकलात ना? छान झालं. आता माझी फळी घेऊन या."

संध्याकाळी फळी धुऊन, पुसून आईपुढे ठेवण्यात आली. इंजिनाने एक बाजू चेपली होती : एका कडेला अडतीस मिलिमीटर, दुसऱ्या कडेला एकतीस. आईने फळी ओट्यावर मांडली. तिने काकडी घेतली आणि पहिली चकती कापली. चकती उभी राहिली, फळीवरून खाली उतरली, ओट्यावरून गडगडत गेली आणि साखरेच्या डब्याला टेकून आडवी झाली.

धाकट्याने मोजपट्टी काढली. चौसष्ट सेंटीमीटर.